विमलताईंनी धरलेली तारीख

विमलताई ओव्हाळांनी एखाद्या वस्तूकडे नुसतं पाहिलंय, असं मला आठवत नाही. त्या आधी ती उचलायच्या. तांब्या असो, मुसळ असो, नाहीतर कुणाचं तान्हं मूल असो, दोन्ही हातांत घेऊन वर-खाली करायच्या आणि वजन सांगून मोकळ्या व्हायच्या. दौंड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सगळी नोकरी झाली, तिथली ही खोड. वजन बहुतेक वेळा चुकायचं. ते त्यांना दाखवून दिलं की म्हणायच्या, "काटा बिघडलाय तुमचा," आणि पुढच्या वस्तूला हात घालायच्या.

रिटायर झाल्यावर त्या तळेगाव ढमढेऱ्याला, माहेरच्या गावी आल्या. गावच्या विकास सोसायटीचं खताचं जुनं गोडाऊन रिकामं पडलं होतं. चेअरमनच्या मागे लागून ते त्यांनी वापरायला घेतलं, झाडलं, आणि त्यात म्युझियम काढलं. घरोघरी फरशा बसल्या, मिक्सर आले, तशी जाती, उखळं, पाळणे, पितळी पराती सगळं गोठ्यात नाहीतर उकिरड्यावर गेलं होतं. ते सगळं ताईंनी उचलून आणलं. अर्थात वजन करूनच.

पण त्यांचं म्युझियम बघायला गेलं तर निम्म्या जागा रिकाम्या दिसायच्या, कारण वस्तू गावभर फिरायला गेलेल्या असत. रांजणगावच्या कंपन्यांत कामाला आलेली माणसं खोल्या भाड्यानं घेऊन राहतात. त्यांच्या घरात गॅस असतो, टीव्ही असतो, पण मुलीच्या हळदीला जातं कुठून आणायचं? बारशाला पाळणा कुठून आणायचा? ते ताईंकडून न्यायचं. गावातली जुनी घरंसुद्धा न्यायची, कारण त्यांनी आपलं विकून टाकलेलं. वस्तू पाहिजे असेल तर घरातल्या जुन्या लुगड्याची एक चिंधी आणून तिला बांधायची, एवढाच नियम. ज्याची चिंधी आधी, त्याची वस्तू आधी. लग्नसराईत म्युझियमची जाती इतकी रंगीबेरंगी दिसत, की नवीन माणसाला तो काहीतरी नवस वाटायचा.

"पार्सल हापिसात मी काय बगितलं म्हाईत हाय का," त्या सांगायच्या. "पडून राह्यलेला माल. चांगल्या चांगल्या मालाला वास सुटायचा. जिन्नस पडून राह्यला की तो कुणाचाच न्हाई ऱ्हात."

हे त्यांचं लाडकं वाक्य आणि ते त्या कुठेही लावायच्या. एकदा शिरूरला एका कार्यक्रमात त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. ताईंनी नारळ हातात घेतला, वजन सांगितलं, आणि पाहुण्यांचं भाषण चालू असताना स्टेजच्या कोपऱ्यावर आपटून फोडला. पहिल्या रांगेत खोबरं वाटत फिरल्या. मी कानात म्हटलं, "ताई, घरी नेऊन फोडला असता." तर म्हणाल्या, "घरी नेऊन खवट करायचाय का?"

मी रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला. म्युझियमचा सेक्रेटरी झालो तो केवळ मला इंग्रजीत ईमेल लिहिता येतो म्हणून. म्युझियमला येणाऱ्या प्रत्येक माणसाला ताई पार्सल ऑफिसच्या सवयीनं 'पार्टी' म्हणायच्या. शाळेची पोरं म्हणजे शाळेची पार्टी, तहसीलदार म्हणजे तहसीलची पार्टी. मला वाटायचं, निदान मला तरी नावानं हाक मारतील, पण मी कंपनीची पार्टी.

आणि मग दिल्लीची पार्टी आली. लोकांच्या उपयोगी पडणाऱ्या म्युझियमना देशपातळीवर पुरस्कार देणारी एक संस्था आहे. माझ्या एका ईमेलमुळे तो आम्हाला मिळाला. समारंभ दिल्लीच्या एका मोठ्या हॉटेलात होता. ताईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी पार्सल ऑफिसच्या हिंदीत आभार मानले आणि शेवटी आपल्याकडे म्हणतात तसं म्हणाल्या, "एक बार आव सब लोग हमारे गाव को." आता आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही उतरताना 'या एकदा घरी' म्हणायची रीत आहे. तो येत नाही, आणि येईल म्हणून आपणही आधण ठेवत नाही. पण दिल्लीला ही रीत ठाऊक नव्हती. महिनाभरात त्यांच्या नंदिनी मॅडमचा फोन आला, की संस्थेला कल्पना फार आवडली आहे आणि पुढचा राष्ट्रीय समारंभ तळेगाव ढमढेऱ्यालाच होईल.

मला घाम फुटला. ताईंनी फक्त विचारलं, "जेवाय थांबनार का लगेच जानार?"

या समारंभावर फार काही टांगलेलं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. सोसायटीचे चेअरमन भाऊसाहेब गोडाऊन पाडून रस्त्याच्या बाजूनं गाळे काढायच्या विचारात होते. त्यांनी ताईंना तोंडावर सांगितलं होतं, "ताई, देशाचं लोक येनार म्हंता, तर येऊ द्या. गावाचं नाव झालं तर मी सभासदांपुढं शबुद टाकतो. न्हाई झालं, तर गाळ्याचा ठराव घेतो. मला बी लोकांस्नी तोंड द्यायचं असतं." म्हणजे समारंभ फसला तर म्युझियमच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. गाळ्यांची जागा दोऱ्या लावून आखूनसुद्धा झाली होती.

नंदिनी मॅडमनी व्हिडिओ कॉलवर तारीख विचारली. ताईंनी फेब्रुवारीतली एक पटकन सांगून टाकली, कारण तेव्हा थंडी सरलेली असते आणि ऊन चढलेलं नसतं. मी माझं कॅलेंडर बघून होकार दिला. माझं कॅलेंडर कंपनीचं. त्यात तिथ्या नसतात, शिफ्ट असतात. भाऊसाहेबांनीही हो म्हटलं. सगळ्यांची विमानं, गाड्या बुक झाल्या.

मग मी खुर्च्या सांगायला मांडववाल्याकडे गेलो. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"साहेब, त्या दिवशी खुर्ची मागताय? आवो सालातली सगळ्यात दाट तीथ हाय ती. शिरूर-दौंडात एक खुर्ची मोकळी न्हाई. यवतच्या मांडववाल्याचं बी फोन मलाच येत्यात."

आचारी नाही, स्पीकर नाही, टेम्पो नाही, कार्यालय तर विचारूच नका. मी धावत ताईंकडे आलो. त्यांनी जन्मात पंचांग उघडलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं लग्न, मुलाचं लग्न, सगळं रविवार बघून झालेलं. "मी मुहूर्त मानत न्हाई," त्या ठसक्यात म्हणाल्या. मी म्हटलं, "ताई, तुम्ही मानत नाही, पण मांडववाला मानतो." मग त्या गप्प बसल्या. तळेगावात विमलताई गप्प बसल्या ही बातमी होती.

खरी गंमत त्यानंतर कळली. एवढी दाट तीथ म्हटल्यावर आमच्या म्युझियममधली होती नव्हती तेवढी जाती, मुसळं, पराती, समया, सगळ्यांना चिंध्या लागलेल्या होत्या. देशभरातली म्युझियमची माणसं आमचं म्युझियम बघायला येणार, त्या दिवशी त्यात काहीही असणार नव्हतं.

नंदिनी मॅडम फोनवर काकुळतीला आल्या. एका दिवसाचा प्रश्न आहे, लोकांना समजावून सांगा, वस्तू जागेवर ठेवा. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. ताई म्हणाल्या, "मॅडम, चिंधी बांध्या है. बांधने के बाद हम नहीं छोडते." आणि फोन माझ्या हातात देऊन सुपं झटकायला निघून गेल्या.

तेवढ्यावरही भागलं असतं. पण भाऊसाहेबांच्या मुलीच्या लग्नाचा मुहूर्त नेमका त्याच दिवशी, संध्याकाळचा निघाला. म्हणजे समारंभाचे प्रमुख पाहुणे म्हणून धरलेले भाऊसाहेबही हातचे गेले. आणि त्यांच्या घरात हळदीला जातं नव्हतं. त्यांच्या आईचं भलंमोठं जातं त्यांनीच हॉलला फरशी बसवताना आमच्याकडे पोचतं केलं होतं. ताईंना ते एकटीला उचलेना, म्हणून त्यांनी वजन न सांगितलेली तोवरची ती एकच वस्तू. आता भाऊसाहेबांच्या पत्नीला, आक्कांना, मुलीची हळद सासूच्याच जात्यावर दळायची होती. त्यांनी गड्याकडून चिंधी पाठवली, चांगली जरीकाठाची. पण त्या जात्याच्या खुंट्याला आधीच एक विटकी हिरवी चिंधी होती. ती सोपान कदमाची. सोपान लातूरकडचा, आमच्याच कंपनीत लोडिंगला. त्याच्या मुलीचं लग्नही त्याच दिवशी. खोलीपुढे मांडव घालायला जागा नाही म्हणून ताईंनी त्याला गोडाऊनपुढचं अंगण दिलं होतं.

भाऊसाहेब स्वतः आले. जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत.

"ताई, जातं आमचंच हाय."

"व्हतं. आता म्युझियमचं हाय, आन् म्युझियम गावाचं."

"सोपानला दुसरं काय तरी द्या. त्याला कुठं कळतंय कुणाचं जातं."

"त्याला न्हाई, मला कळतंय."

भाऊसाहेबांनी गोडाऊनकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग मला बी सभेत बगाय लागंल," म्हणाले आणि गेले. मी ताईंना म्हटलं, एकदा सोपानशी बोलून तर बघा, तो नाही म्हणणार नाही. ताई म्हणाल्या, "त्यो न्हाई म्हननार न्हाई, म्हनून तर बोलायचं न्हाई." त्या रागावल्या नव्हत्या, पण सुपं इतक्या जोरात झटकत होत्या की मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मला त्यांचा राग आला होता, हेही सांगून टाकतो. सगळं म्युझियम एका हिरव्या चिंधीवर घालवायला निघाल्यात, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून त्या भाऊसाहेबांच्या वाड्याच्या पुढच्या दाराला नाही, मागच्या दाराला गेल्या. मला बरोबर नेलं. आक्का शेवया वाळत घालत होत्या. ताई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "आक्का, जातं हितं येनार न्हाई. पर तुमी तितं या. दोन्ही पोरींची हळद एकाच जात्यावर निघंल. सासूबाईंच्या जात्याला काय जड हाय व्हय?"

आक्कांनी शेवयांवरची माशी हाकलली. आम्ही परत आलो. वाटेत मी विचारलं, "ताई, तुम्ही हळदबिळद मानत नाही. मग जात्यासाठी एवढं कशाला?" त्या म्हणाल्या, "जातं मानते की." 

मग त्यांनी सोपानला बोलावून अर्ध्या कप चहात समारंभाची सगळी योजना आखली. उरलेला अर्धा कप सोपानचा. हळद सकाळी, लग्न गोरज मुहूर्तावर, मधला दुपारचा मांडव रिकामा. मांडव सोपानचा, खुर्च्या सोपानच्या, स्पीकर सोपानचा, आचारीही त्याचाच. तेवढ्या वेळात राष्ट्रीय समारंभ उरकायचा. सोपान जरा विचारात पडला. मला वाटलं, हा आता नाही म्हणतो. तो म्हणाला, "ताई, दिल्लीच्या पाव्हन्यास्नी तिखट चालतंय का? न्हाईतर एक पातेलं येगळं काढाय सांगतो."

पाहुणे दौंडला उतरले ती सकाळ मी विसरणार नाही. दौंड म्हणजे ताईंचं राज्य. लाल शर्टातले म्हातारे हमाल "मॅडम आल्या" म्हणत गोळा झाले. काही पाहुण्यांची गाडी कॉर्डलाईनला, म्हणजे दौंडच्या दुसऱ्या स्टेशनात थांबते हे ताईंच्या ध्यानात होतं, तिकडे त्यांनी मला पिटाळलं होतं. मी तिकडची मंडळी घेऊन आलो तर प्लॅटफॉर्मवर गर्दी जमलेली. नंदिनी मॅडमनी काचेची सन्मानचिन्हं खोक्यांतून आणली होती. ताईंनी एक खोकं उचललं, हलवलं, आणि "पॅकिंग ढिलं हाय" असं जाहीर केलं होतं. पर्समधून सुतळी आणि दाभण काढून त्या प्लॅटफॉर्मवरच फतकल मारून बसल्या होत्या, हमालांनी गोणपाट आणून दिलं होतं, आणि देशातले सगळ्यात मानाचे पुरस्कार गोणपाटात शिवले जात होते. नंदिनी मॅडमना आधी रडू येईल असं मला वाटत होतं. मग त्यांनी मांडी घातली आणि दुसऱ्या टोकानं सुतळी धरली.

न्हावऱ्यामार्गे उसाच्या ट्रॉल्या चुकवत आम्ही तळेगावात पोचलो. मांडवाच्या तोंडाशी 'शुभविवाह' असा बोर्ड आणि त्याच्यावर आमचा राष्ट्रीय समारंभाचा फ्लेक्स. पाहुण्यांनी गोडाऊनमध्ये डोकावून पाहिलं. सगळ्या जागा रिकाम्या होत्या. एक आसामकडचे वयस्क गृहस्थ, ज्यांच्या म्युझियमला या वर्षीचा एक पुरस्कार होता, मला हिंदीत म्हणाले, चोरी झाली का? ताई त्यांचा हात धरून मांडवात घेऊन गेल्या.

तिथे मांडवाच्या मधोमध ते जातं मांडलं होतं. सोपानची बायको आणि तिच्या बहिणी मुसळांना पानं बांधत होत्या. आणि तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. आक्का उतरल्या, मागून त्यांच्या घरच्या बाया, एकीच्या हातात हळकुंडांचं ताट. आक्का सरळ चालत आल्या, जात्यापाशी बसल्या, खुंट्यावरच्या हिरव्या चिंधीशेजारी आपली जरीची चिंधी स्वतःच्या हातानं बांधली, आणि सोपानच्या बायकोला म्हणाल्या, "बस की गं समोर. एकटीनं ओढत न्हाई ह्ये जातं, माझी सासू बी दुसरी बाई घ्यायची."

जातं फिरायला लागलं. आक्कांनी ओवी धरली. पुढची ओळ त्यांना आठवेना, ती लातूरकडच्या एका म्हातारीनं पुरी केली, जराशी निराळ्या चालीत, आणि मग दोन्हीकडच्या बायांत कुणाची चाल खरी यावरून हसत हसत भांडण लागलं. नंदिनी मॅडमना कुणीतरी ओढून बसवलं. त्यांच्या रेशमी साडीवर हळद सांडली ती त्यांनी झटकली नाही. आसामचे गृहस्थ डोळे पुसत होते. मीही पुसले. सोपानचा आचारी लांबून ओरडला की भात लावू का, तेव्हा कुठे आम्ही भानावर आलो.

पुरस्कार दिले ते असे, की स्टेज नव्हतं, म्हणून ज्याचं नाव पुकारलं त्यानं जात्यापाशी यायचं. लग्नाचा फेटेवाला तिथेच होता, त्यानं प्रत्येकाला फेटा बांधला. कुणी मासेमारांची जाळी दुरुस्त करून देणारं म्युझियम चालवत होतं, कुणी डोंगरातल्या म्हाताऱ्यांची औषधं जपत होतं. सोपानकडचे वऱ्हाडी प्रत्येकाला टाळ्या वाजवत होते, बँडवाले मध्येच तुतारी मारत होते. भाऊसाहेब तोवर जीपला टेकून रस्त्यावरच उभे होते. ताईंनी माईक घेतला आणि म्हणाल्या, "ज्या माउलीनं ह्या जात्यावर सोताच्या घरचं आन् अडल्यानडल्याचं बी दळलं, तिचं थोरलं चिरंजीव भाऊसाहेब रस्त्यावर उभं हायत. त्यांस्नी आत घ्या रं कुणीतरी." भाऊसाहेब आत आले. जात्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. भाषण करायला उठले आणि आईचं नाव घेऊन तिथेच थांबले. एवढ्या सभा मारलेल्या माणसाचं ते सगळ्यात छोटं भाषण असेल. मग पंगत बसली. पाहुण्यांनी मठ्ठा पुन्हा पुन्हा मागून घेतला, आणि आसामचे गृहस्थ संध्याकाळच्या वरातीत फेट्यासकट नाचले.

पावसाळ्याच्या शेवटी सोसायटीची सभा झाली. भाऊसाहेबांनी स्वतः ठराव मांडला, की गोडाऊन कायमचं म्युझियमला द्यावं. एकानं गाळ्यांचं काय म्हणून विचारलं. सभासद नसलेल्या बायका दाराशी येऊन उभ्या होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "गाळ्यात तुजी हळद दळ." सभा हसली आणि ठराव मंजूर झाला.

विमलताई त्यानंतरच्या थंडीत गेल्या, झोपेतच, कुणाला त्रास न देता. पण मला त्या डोळ्यांपुढे येतात त्या सभेच्या दुसऱ्या दिवशीच्या. त्या सकाळी त्या घरून एक खुरपं पदरात गुंडाळून घेऊन आल्या. त्यांच्या आईचं. आईनं जन्मभर दुसऱ्यांच्या कांद्यात खुरपणी केली होती. पातं झिजून बोटाएवढं उरलं होतं. एवढी वर्षं गावाच्या वस्तू आणल्या, पण स्वतःच्या घरातली एकही वस्तू त्यांनी म्युझियममध्ये ठेवली नव्हती, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. मी तसं म्हटलं, तर म्हणाल्या, "छप्पर जाईल का ऱ्हाईल, कळत नव्हतं. आईला कुठं उघड्यावर टाकायची?" खुरपं त्यांनी हातात तोललं. वजन काही सांगितलं नाही. भिंतीशी एका फळीवर ठेवलं आणि बराच वेळ त्याच्यापुढे उभ्या राहिल्या.

तेवढ्यात आक्का आल्या. कांद्याच्या रोपात तण माजलंय, बाया मिळत नाहीत, घरच्या खुरप्याची मूठ निखळली, तर एखादं असेल का म्हणून विचारायला. म्युझियममध्ये एकच खुरपं होतं, आणि ते ठेवून घटकाही झाली नव्हती. मी काहीतरी सबब सांगणार होतो. ताईंनी फळीवरून ते काढलं आणि आक्कांच्या हातात दिलं.

आक्कांनी उलटंपालटं करून बघितलं. "भागाबाईचं हाय न्हवं ह्ये? मी नवी नवरी व्हते तवा तिनंच मला खुरपं धरायला शिकवलं, आमच्याच वाफ्यात." त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला. "संध्याकाळी आनून देते."

"धार हाय अजून," ताई म्हणाल्या. "घाई करू नका. रोप निघंपर्यंत ऱ्हाऊ द्या."

आक्का खुरपं घेऊन बांधानं चालत गेल्या. ताई गोडाऊनच्या दारात, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. समोरच्या वाफ्यात बसलेल्या आक्कांचा हात वर-खाली व्हायला लागला, तशी त्यांनी माझा दंड धरला, लहान मुलीसारख्या हसल्या, आणि म्हणाल्या, "बग दिलीप, आई कामाला लागली."